डोणीतले पाणी

आमच्या घराण्यात दोन गोष्टींचा अभिमान वंशपरंपरेने चालत आलेला आहे : एक आमच्या विहिरीचे पाणी व दुसरी आमच्या घरातील स्वच्छता. पहिल्या अभिमानास आधार आहे. कारण चैत्र-वैशाखात दापोलीतील बऱ्याच विहिरींचे तळ दिसू लागतात तेव्हाही आमच्या विहिरीत दोन पुरुष पाणी असते. दुसऱ्या अभिमानास काय आधार आहे, हे गेल्या पितृपक्षापर्यंत आम्ही कधी तपासून पाहिले नव्हते. तपासून पाहावे असे कोणी सुचविलेही नव्हते, आणि सुचविले असते तर ते आम्हांस रुचले असते असे खात्रीने सांगवत नाही.

ज्या वाचकांस दापोली ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. हर्णै-मुरुडच्या समुद्रापासून दोन-अडीच कोस आत, सुमारे ८०० फूट उंचीवर हे गाव वसले आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची छावणी येथे होती, म्हणून जुनी माणसे अद्यापि त्यास 'कॅम्प' असेच म्हणतात. हवा थंड व निरोगी असा गावाचा लौकिक आहे, व त्या लौकिकावर आम्ही येथील रहिवाशांनी आजवर बरीच मिजास केली आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत साडेतीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस येथे कोसळतो. परंतु जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही, आणि होळी उलटली की घरोघर पिंपे, हंडे व कळशा भरून ठेवण्याची धांदल सुरू होते. पाणी साठविणे ही कोकणातल्या माणसाची सवय नव्हे, तो त्याचा कुलाचार आहे. बाहेर मुसळधार पडत असतानाही आमच्या घरात दोन पिंपे भरलेलीच असतात. का, असे विचारल्यास कोणास उत्तर देता येत नाही.

आमच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीस लागून एक काळ्या दगडाची डोण आहे. आमच्या आजोबांनी ती घाटावरून बैलगाडीने आणविली. वाटसरूंस पाय धुता यावेत व गुरांस पाणी मिळावे हा त्यांचा हेतू. आणि 'डोण कधी कोरडी पडू देऊ नका' असे ते अखेरच्या दुखण्यात सांगून गेले, अशी घरात कथा आहे. ती कथा सांगणाऱ्या थोरल्या काकू आज चौऱ्यांशी वर्षांच्या आहेत. सासऱ्यांचा हा शब्द त्यांनी व्रतासारखा पाळिला. स्नान झाले की ओल्या लुगड्याने दोन कळशा पाणी त्या आपल्या हाताने डोणीत ओततात, आणि मगच तुळशीस प्रदक्षिणा घालतात. घरात बाळंतपणे झाली, मृत्यू झाले, वाटण्या होता होता राहिल्या. डोण काही कोरडी पडली नाही.

गेल्या भाद्रपदात गणपतीस आम्ही सव्वीस माणसे एकत्र जमलो होतो. मुंबईहून आलेल्यांपैकी आमचा एक तरुण पुतण्या दुसऱ्याच दिवशी अंगात कणकण भरून माजघरात निजला. प्रवासाचा शीण म्हणून कोणी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. जो तो आरतीहून परतताना त्याच्या उशाशी बसून चौकशी करी, एवढेच. गौरी-गणपतींचे विसर्जन झाल्यावर तो मुंबईस परत गेला व तेथे बरा झाला.

पुढे पितृपक्ष लागला. घरात आता नित्याचीच माणसे उरली होती. प्रथम धाकटी भावजय तापाने अंथरुणास खिळली. तिसऱ्या दिवशी आमची मुलगी, आणि तिच्या पाठोपाठ भावजयीचा दहा वर्षांचा मुलगा. डोळ्यांच्या खोबणी ठणकत, अंगाचे सांधे कोणी पिळून काढावेत तसे दुखत, व ताप १०३ च्या खाली उतरेना. आगरात कामास येणारा गडी त्याच सुमारास येईनासा झाला. त्याबद्दल आम्ही दोन दिवस केवळ कुरकुर केली. तोही त्याच तापाने आपल्या घरी पडून आहे हे तिसऱ्या दिवशी कळले. ही गोष्ट लिहिताना आजही मनास खाते.

रक्ताची तपासणी झाली व डेंग्यू असल्याचे निश्चित झाले. या तापास मारून टाकणारे असे खास औषध नाही. पाणी, पेज, शहाळे जितके पोटात जाईल तितके घालावयाचे, तापास पॅरासिटामॉल द्यावयाचे, आणि अंगदुखीवर घरोघर असणाऱ्या ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेनच्या गोळ्यांना हात लावावयाचा नाही, कारण त्यांनी रक्तस्राव वाढण्याची भीती असते. पाचव्या दिवशी पहाटे मुलाचा ताप एकाएकी उतरला. अंग गार लागले तेव्हा घरात जो आनंद झाला तो काय सांगावा! देवापुढे साखर ठेवली गेली. आम्ही डॉक्टरांस मोठ्या उत्साहाने फोन करून ही सुवार्ता सांगितली, आणि पलीकडून ते म्हणाले, "पोट दुखते का? उलट्या होताहेत का? तसे असेल तर लगेच घेऊन या. या तापात धोक्याचे दिवस ताप उतरल्यावर सुरू होतात."

मुलाचे पोट दुखत होते. तोंड धुताना हिरड्यांतून रक्त आल्याचे त्याने आईस सांगितले नव्हते. पितरांच्या पानाची गडबड चालली होती, म्हणून आपण कशाला बोला, असे त्यास वाटले. त्या दिवसापासून तीन रात्री आम्ही व आमचे धाकटे बंधू इस्पितळाच्या बाकावर आळीपाळीने बसलो. रक्तातील सूक्ष्म वाहिन्या झिरपू लागतात व रक्तातला द्रव भाग बाहेर पडून नाडी क्षीण होते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले. पण त्या वेळी आमचे लक्ष शिरेतून जाणाऱ्या सलाइनच्या थेंबांकडे होते. गावाकडून कोणी पपईच्या पानांचा रस पाठविला, कोणी अंगारा. रसाची बाटली बाकाखाली तशीच राहिली. अंगारा मात्र बंधूंनी मुलाच्या उशीखाली ठेवला, व आम्हीही त्यांस हरकत घेतली नाही. चौथ्या दिवशी मुलाने भूक लागल्याचे सांगितले.

मूल घरी आल्यावर आम्हांस राग आला. तोवर भीतीमुळे त्यास जागा नव्हती. आमच्या वईपलीकडे शेजाऱ्यांचे सांडपाण्याचे एक उघडे गटार आहे. काळे, बुळबुळीत, संध्याकाळी त्यावर डासांचे ढग जमतात. दोष कोणाचा याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. आम्ही शेजाऱ्यांस देण्यासाठी दीड पृष्ठाचे एक पत्र तयार केले. त्यात 'सार्वजनिक आरोग्य', 'नागरिकांचे कर्तव्य' वगैरे शब्द होते, आणि खरे सांगावयाचे तर ते पत्र वाचून आमचे आम्हांसच समाधान वाटले.

पत्र पाठविण्यापूर्वीच आरोग्य खात्याचा एक तरुण सेवक चौकशीस आला. हातात विजेरी, खांद्यास पिशवी, व पिशवीत एक पांढरे वाडगे. आम्ही त्यास थेट वईकडे नेले व गटार दाखविले. त्याने वाडग्यात थोडे पाणी घेऊन पाहिले आणि म्हणाला, "अळ्या आहेत, काका. पण ह्या क्युलेक्सच्या. हा रात्री चावतो. ह्याच्यापासून हत्तीपाय होतो, डेंग्यू नाही. तुमचा डास दिवसा चावणारा. त्याला घाण पाणी आवडत नाही. जरा घरात येऊ का?"

घरात! आम्ही त्यास ओटीवरून आत घेतले ते केवळ शिष्टाचार म्हणून. त्याने फ्रिजच्या मागची थाळी ओढून काढली. आपल्या फ्रिजला मागे अशी काही थाळी असते हे आम्हांस त्या दिवशी समजले. तीत अळ्या होत्या. खिडकीतल्या बाटलीत सुनेने वेल लावला होता, त्याच्या मुळांत अळ्या होत्या. आगरात तो गेला, आणि पोफळींखाली गळून पडलेल्या विऱ्या, म्हणजे पानांचे ते रुंद, पन्हळीसारखे देठ, एकेक उचलून उलटे करू लागला. प्रत्येकात ओंजळभर पावसाचे पाणी व त्यात तीच वळवळ. नारळाच्या करवंट्या तशाच. शेवटी तो डोणीपाशी आला. डोणीचे पाणी इतके निर्मळ की तळाचा टाकीचा घाव दिसत होता. त्याने विजेरीचा झोत टाकला. झोत पडताच शेकडो बारीक प्राणी एकदम खाली बुडाले व थोड्या वेळाने पुन्हा वर येऊन, डोके खाली व शेपटीकडील श्वासनळी वर, असे पाण्याच्या पृष्ठाशी लोंबकळू लागले.

थोरल्या काकू तुळशीपाशी उभ्या होत्या. तो त्यांस म्हणाला, "आजी, आठवड्यातून एक दिवस ही पूर्ण कोरडी करायला हवी. नुसती ओतून नाही चालणार. आतून घासायला पाहिजे."

काकू काही बोलल्या नाहीत. तो गेल्यावर आम्हांस म्हणाल्या, "अरे, ऐन पितृपक्षात कोरडी करायची? आणि रोज ताजे पाणी घालते मी. शिळे पाणी तिच्यात असतेच कुठे?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या रोज दोन कळशा ओतीत हे खरे होते. पण जुने पाणी काढून नव्हे, जुन्यावर नवे. साठ वर्षांत ती डोण एकदाही रिकामी झाली नव्हती.

दीड पृष्ठाचे ते पत्र आम्ही टेबलाच्या खणात टाकले व या विषयाचे वाचन सुरू केले. मूल जाता जाता वाचले असता घरच्या कर्त्या माणसास तो रोग कसा आला हे नीट ठाऊक नसावे, याची लाज वाटली.

डासाचा व तापाचा संबंध जगास प्रथम निश्चितपणे कळला तो आपल्याच देशात. अल्मोड्यास जन्मलेला व इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये असलेला रोनाल्ड रॉस सिकंदराबादेस बेगमपेठेत हे काम करीत होता. हिवतापाचे जंतू फ्रेंच डॉक्टर लाव्हरान यांनी १८८० सालीच रक्तात पाहिले होते; ते एका माणसातून दुसऱ्यात कसे जातात हा प्रश्न होता. त्यांचे वाहन डास असावा, ही कल्पना रॉसला लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी १८९४ साली दिली. रॉसने रोगी मिळविले, त्यांस डास चावविले, व ते डास सूक्ष्मदर्शकाखाली चिरून पाहिले. उन्हाळ्याचे दिवस, घामाने यंत्राचे स्क्रू गंजत, आणि पंखा लावावा तर चिरलेले डास उडून जात. दोन वर्षे अशी गेली व हाती काही लागेना; कारण तो चुकीच्या जातीचे डास चिरीत होता. त्याने त्यांस राखी डास व पट्टेरी डास अशी नावे दिली होती. १८९७ च्या ऑगस्टात त्याच्या माणसाने बाटलीतून ज्या अळ्या आणल्या त्यांतून ठिपकेदार पंखांचे निराळेच डास निघाले. हुसेन खान नावाच्या रोग्यास दर डासास एक आणा याप्रमाणे मोबदला देऊन ते त्यास चावविण्यात आले, आणि २० ऑगस्ट रोजी त्यांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत काळे कण असलेल्या गोल पेशी रॉसला दिसल्या. १९०२ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानास दहा आणे मिळाले होते.

हा वृत्तांत पूर्वी शाळेत आम्ही वाचला होता. या वेळी मात्र आमची नजर अडली ती त्या टाकाऊ ठरलेल्या पट्टेरी डासावर. त्याच्या जठरात रॉसला काही सापडले नाही, कारण हिवतापाचे जंतू त्याच्यात वाढतच नाहीत. तोच पट्टेरी डास आमच्या डोणीत होता. एडिस हे त्याचे शास्त्रीय नाव. पीतज्वर याच्यामुळे पसरतो असे कार्लोस फिनले या क्यूबातील डॉक्टराने १८८१ सालीच सांगितले होते. वीस वर्षे त्यास कोणी जुमानले नाही. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने त्याचे म्हणणे खरे ठरविले, आणि दुसऱ्याच वर्षी गॉर्गस या लष्करी डॉक्टराने हवाना शहरात घरोघर माणसे पाठवून पिंपांस झाकणे घालविली, साचलेल्या पाण्यावर तेल ओतविले, व ज्याच्या घरी अळ्या सापडतील त्यास दंड केला. शहरातून पीतज्वर नाहीसा झाला. गटारे उपसून तो गेला नव्हता. लोकांच्या स्वयंपाकघरात व अंगणात शिरल्यावर गेला.

अंगणात शिरणे किती कठीण असते याचे उदाहरण मुंबईत घडले. १९११ साली डॉक्टर बेंटले यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल लिहिला, व शहरातील हिवतापाचा डास घरगुती विहिरींच्या स्वच्छ पाण्यात पैदा होतो असे दाखविले. विहिरी बुजवा वा झाका, असा हुकूम निघू लागताच मोठी खळबळ माजली. पारशी, जैन, हिंदू, सर्वांच्याच धर्मकृत्यांस विहिरीचे पाणी लागते. ज्या पाण्यास सूर्यप्रकाश लागत नाही ते कसे चालेल, असा आक्षेप आला. अखेर काही ठिकाणी झाकणात जाळीचे लहानसे दार ठेवण्याची तडजोड निघाली. १९२८ साली कॉव्हेल यांस पुन्हा तोच विषय घेऊन दुसरा अहवाल लिहावा लागला. पूर्वी हे वाचले असते तर 'काय हे अडाणी लोक!' असे आम्ही म्हटले असते. आता थोरल्या काकू डोळ्यांसमोर होत्या, आणि तसे म्हणवेना. ज्यांनी आक्षेप घेतला त्यांस पाणी अप्रिय नव्हते, फार प्रिय होते.

मध्यंतरी माणसास असे वाटले होते की, अंगणात शिरण्याची गरजच उरली नाही. डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ साली उघडकीस आला, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षास साडेसात कोटी लोकांस हिवताप होत होता व आठ लाख मरत होते असा अंदाज होता, तेथे १९५३ सालच्या राष्ट्रीय मोहिमेनंतर भिंतींवर फवारे मारून मारून १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या एक लाखावर आली. पण डासास डीडीटी पचू लागले, यंत्रणा सैल पडली, व १९७६ साली हा आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. पट्टेरी डासाने तर फवाऱ्यांची फारशी फिकीरच केली नाही. तो पलंगाखाली, कपाटात, टांगलेल्या कपड्यांच्या घडीत बसतो. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याने चिकुनगुन्याची साथ पसरविली, व पुण्याच्या विषाणुसंशोधकांनी तिचा अभ्यास केला. मग तीस-बत्तीस वर्षे तो रोग जणू गाव सोडून गेला आणि २००५-०६ मध्ये परत आला. त्या वेळी आमच्या ओळखीची कित्येक मंडळी नावावरून त्याचा संबंध कोंबडीशी जोडून, आपण शाकाहारी असल्याने निर्धास्त होती! वस्तुतः ते नाव आफ्रिकेतील माकोंडे लोकांच्या भाषेतले असून, वेदनेने वाकून जाणे असा त्याचा अर्थ आहे. २०२१ साली महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रोगी पुरंदर तालुक्यात बेलसर येथे सापडला. त्याचेही वाहन हेच.

मुलाची शक्ती भरून येत होती, पण शाळेत जाण्याची परवानगी नव्हती. त्यास करमावे म्हणून आम्ही काचेच्या बरणीत डोणीतले पाणी अळ्यांसह घेतले, तोंडास जुन्या मलमलीचा तुकडा घट्ट बांधला, व ती पडवीतल्या फडताळावर ठेविली. आमच्या वडिलांचे पंचांग वाचण्याचे भिंग त्याच्या हाती दिले. रोज काय दिसते ते त्याने वहीत लिहावयाचे. दोन दिवसांनी मोठ्या अळ्यांचे कोष झाले. स्वल्पविरामाच्या आकाराचे, काही न खाणारे, पण हात लावावा तर तुरुतुरु पळणारे. आणखी दोन दिवसांनी सकाळी त्याने घरभर हाक मारली. एक कोष पाण्यावर उकलला होता, व आपल्याच टाकलेल्या सालीवर, होडीत उभे राहावे तसा, डास उभा होता. काळ्या पायांवर पांढरे पट्टे, आणि पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी खूण. आगरातल्या विऱ्यांतील अळ्यांची बरणी निराळी ठेविली होती; तिच्यातील डासांच्या पाठीवर वीणा नव्हती, मधोमध एकच सरळ पांढरी रेघ होती. ती याच कुळातली रानवट शाखा. तीही डेंग्यू पसरविते, परंतु घरापेक्षा झाडीत अधिक रमते.

थोरल्या काकू रोज दुपारी जपाची माळ घेऊन पडवीत येत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्या फडताळाजवळ बसू लागल्या. "खातात काय रे हे?" असे त्यांनी मुलास विचारले. त्याने पाण्यातली शेवाळाची कणी दाखविली. "आणि चावतात ते?" "नर चावत नाहीत, काकूआजी. ते फुलांचा रस पितात. मादीच चावते. अंडी घालायला तिला रक्त लागते." काकूंनी यावर बराच वेळ काही म्हटले नाही.

त्या मादीचे एक लक्षण आम्हांस एकत्र कुटुंबाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटले. ती दिवसा चावते, त्यामुळे माणूस हात झटकतो, ती उडते, व अर्धपोटी दुसऱ्याकडे जाते. एक जेवण पुरे होईपर्यंत ती तीन-चार जणांच्या अंगावर बसते. विषाणू तिच्या शरीरात शिरल्यावर आठ ते बारा दिवसांनी ती तो पसरवू लागते, आणि मग मरेपर्यंत पसरविते. हे वाचून आम्ही दिनदर्शिका काढली. गणपतीत मुंबईचा पुतण्या ज्या माजघरात निजला होता ते माजघर डोणीपासून वीस पावलांवर आहे. त्या दिवसापासून पुढे मोजले असता भावजयीच्या तापाचा दिवस बरोबर हिशेबात बसला. आम्ही ज्या तापास शेजाऱ्यांच्या दारी नेऊन बांधणार होतो, तो आमच्याच माणसाने आणिला, आमच्याच डोणीने वाढविला, व आमच्याच गड्यासही दिला होता.

अंड्यांविषयी तेवढे राहिले. ही मादी पाण्यावर अंडी घालीत नाही. भांड्याच्या आतल्या अंगास, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या भिंतीवर ती एकेक करून चिकटविते. काळी, राईच्या दाण्याहून कितीतरी लहान, एका खेपेस शंभराच्या आसपास. पाणी आटले तरी ती मरत नाहीत, कित्येक महिने कोरडी राहतात. पुन्हा पाणी चढले की फुटतात. काकू रोज दोन कळशा ओतीत, त्या चढत्या पाण्याची ती अंडी वाटच पाहात असत. अंड्यापासून डास होण्यास आपल्या हवेत सात ते दहा दिवस पुरतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळावयास सांगते त्याचे कारण हेच, आणि घासण्याचा आग्रह धरते त्याचेही. धूर सोडणाऱ्या यंत्राने उडते डास तेवढे मरतात. भिंतीवरच्या अंड्यांस त्याचा पत्ताही लागत नाही. वोल्बाकिया नावाचा जीवाणू एडिसच्या अंगी घालून त्याची विषाणू पसरविण्याची शक्ती कमी करता येते, असा प्रयोग इंडोनेशियात योग्यकर्ता येथे झाला, व तेथे डेंग्यूचे रोगी सुमारे ७७ टक्क्यांनी कमी झाले असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्राने असे डास तयार केले आहेत. ते दापोलीस येतील तेव्हा येतील.

हे सर्व आम्ही काकूंस सांगितले. भिंग घेऊन डोणीची आतली कड त्यांस दाखविली. त्यांस त्या बारीक काळ्या ठिपक्यांपैकी किती दिसले कोण जाणे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांची दृष्टी बेताचीच आहे. आम्ही आजोबांच्या शब्दाचा अर्थ कसा लावावा याविषयी काही बोलणार होतो. त्यांनी हातानेच आम्हांस थांबविले.

"पोर वाचले," त्या म्हणाल्या, "ते तुझ्या पुस्तकाने नाही आणि माझ्या डोणीनेही नाही. दादांनी गुरांसाठी भरायला सांगितली होती. आता गुरे तरी कुठे राहिलीत दारात? एक ती कोणाची मोकाट गाय येते संध्याकाळी." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "सर्वपित्री कधी आहे?"

सर्वपित्री अमावास्या झाली. पितरांची पाने झाली. दुसऱ्या दिवशी घट बसले, आणि त्यानंतरच्या शनिवारी सकाळी काकूंनी सोडणांची चुंबळ मागितली. डोणीच्या तळाशी पाणी सोडण्याचे भोक आहे. त्यातले लाकडी बूच इतक्या वर्षांत फुगून दगडाशी एकजीव झाले होते. बंधूंनी पहारीच्या टोकाने ते काढले. पाणी अंगणातून वाहात तुळशीकडे गेले. अळ्या मातीत जिरल्या. काकूंनी कोणास हात लावू दिला नाही. पाटावर बसून, सोडणाने, आतली कड त्यांनी स्वतः तासभर घासली. नंतर ती डोण दिवसभर उन्हात तोंड उघडे टाकून पडली होती. घरात येता-जाता प्रत्येकाची नजर तिकडे जाई व परत वळे, जणू दारात कोणाचे काही झाले आहे. पाच वाजता, गाय येण्यापूर्वी, काकूंनी पुन्हा दोन कळशा ओतल्या.

तेव्हापासून शनिवार आमच्या घरी लागू झाला आहे. फ्रिजची थाळी, खिडकीतल्या बाटल्या, पक्ष्यांसाठी ठेवलेले मातीचे पात्र, पिंपे, सर्व त्या दिवशी पालथे होते. आगरातल्या विऱ्या मुले गोळा करितात. त्यांतल्या चांगल्या द्रोणांसाठी राहतात, उरलेल्या चुलीस. विहिरीत आरोग्य खात्याने दिलेले गप्पी मासे सोडले आहेत. 'ब्राह्मणाच्या विहिरीत मासे!' म्हणून एका आप्तांनी थट्टा केली. परंतु पूर्वी विहिरीत कासव सोडीत असत, तेव्हा पंक्तीस कासव चालते तर मासा का नाही, असे काकूंनीच त्यांस विचारले. माजघरात दिवसा निजणाऱ्यासही आता मच्छरदाणी लागते, आणि तापाचा माणूस घरात असेल तर त्यास प्रथम.

शेजाऱ्यांकडे आम्ही एका संध्याकाळी गेलो. पत्राविषयी काही बोललो नाही, कारण ते त्यांस मिळालेच नव्हते. त्यांच्या गच्चीवरील टाकीचे झाकण गेल्या वादळात उडाले होते व त्यावर त्यांनी फाटकी ताडपत्री टाकली होती. ताडपत्रीच्या खोलगटात काय होते ते विजेरीने दोघांनी मिळून पाहिले. गटाराचा विषय त्यांनीच काढला. पुढच्या महिन्यात दोघांच्या खर्चाने ते बुजवावयाचे ठरले आहे. हत्तीपायाचा का होईना, तोही डासच.

मुलाची प्रकृती आता उत्तम आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून माणूस सुरक्षित होतो, परंतु दुसऱ्या प्रकाराचा पुढे झाल्यास तो पहिल्याहून उग्र होण्याचा संभव अधिक असतो. त्याची आई हे ऐकल्यापासून त्यास अर्ध्या विजारीत अंगणात जाऊ देत नाही. त्याने बरण्यांची वही जपून ठेविली आहे. तिच्यात आता शेजाऱ्यांच्या टाकीतील अळ्यांचेही एक पान आहे.

हे लिहीत असता बाहेर काकूंची हाक आली आहे. आज शनिवार. बूच पुन्हा घट्ट बसले आहे, व ते काढावयास पहार घेऊन जाण्याची पाळी या खेपेस आमची आहे.